धावण्याची ढब आणि पायांचे सांधे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात पुणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात व्याख्यान म्हटले की शिष्यवृत्तीचा निधी, विवाहातील खर्च, वसतिगृहाची इमारत, यांपैकी एखादा विषय ओघानेच यावयाचा. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस धावण्यावर बोलावयास सांगितले आहे. विषय ऐकून मागच्या रांगांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या चेहऱ्यांवर स्मित उमटलेले आम्हांस येथून दिसत आहे. त्यांनी क्षणभर धीर धरावा. ज्या घरांतून धावण्यावरून सध्या वादविवाद चालले आहेत, त्या घरांत बहुधा त्यांचेही घर असेल.

पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, तेव्हा आपली मंडळी रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवीत होती. आज त्याच कुटुंबांतील पन्नाशी गाठलेले गृहस्थ, त्यांच्या मुली आणि सुना छातीवर क्रमांक लावून स्वतः धावत आहेत. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु तिच्याबरोबर दोन प्रकारच्या तक्रारी आमच्या कानांवर येऊ लागल्या आहेत. पहिली तक्रार वडील पिढीची. "धावून धावून गुडघ्याच्या वाट्या झिजतील, मग म्हातारपणी कोण बघणार?" असे म्हणून मुलांना, आणि विशेषेकरून मुलींना व सुनांना, पहाटे घराबाहेर पडू दिले जात नाही. दुसरी तक्रार तरुणांची. टाच टेकवून धावणे चुकीचे, चवड्यावर धावावे, नव्हे अनवाणीच धावावे, असा उपदेश त्यांनी कोठे तरी पाहिलेला वा ऐकलेला असतो. एका दिवसात ते आपली ढब बदलतात आणि महिन्याभरात लंगडत आमच्याकडे येतात.

वरवर पाहता ही दोन मते परस्परविरुद्ध दिसतात. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे. धावताना पायांवर जो भार पडतो तो एक तर अटळ आहे, नाही तर योग्य युक्ती सापडली की तो नाहीसा होतो, अशी ती समजूत होय. वस्तुस्थिती निराळी आहे. धावण्याची ढब बदलली असता भार बहुतांशी नाहीसा होत नाही. तो एका सांध्यावरून उठून दुसऱ्या सांध्यावर जाऊन बसतो. कोणत्या सांध्यावरून उठला आणि कोणत्या सांध्यावर बसला, हे ज्याला कळले त्याला ढब केव्हा बदलावी आणि केव्हा तिला हातही लावू नये, हे कळले. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

पुण्यातील धावण्याचा विचार करावयाचा तर तो १९१९ सालापासून करणे उचित होईल. डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली स्थापन झालेली. सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष असताना १९१९ साली तिच्या वार्षिक क्रीडासामन्यांना उपस्थित राहिले. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेली मुले बहुतेक शेतकरी कुटुंबांतील होती. युरोपीय पद्धतीच्या तालमीचा त्यांना गंधही नव्हता, आणि ती अनवाणी धावत होती. केंब्रिजला शिकलेल्या, विलायतेतील मैदाने पाहिलेल्या दोराबजींना या मुलांचा वेग पाहून मोठा विस्मय वाटला. हिंदुस्थानने १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस आपला संघ पाठवावा, या विचाराला त्यातूनच चालना मिळाली. त्या संघातून बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षी शर्यतीचे अंतर आजच्यापेक्षा किंचित अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत काटले आणि १९ वा क्रमांक मिळविला. पहिले आलेले फिनलंडचे हान्नेस कोलेमायनन यांना २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद लागले होते. बेळगावचा मनुष्य पहिल्याच ऑलिंपिकमध्ये जगज्जेत्याच्या अवघी अठरा मिनिटे मागे होता, ही गोष्ट आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत ठळक अक्षरांत असावयास हवी होती, असे आम्हांस वाटते. असो.

या इतिहासाचा अलीकडे एक भलताच उपयोग होऊ लागला आहे. पूर्वीचे लोक अनवाणी धावत व अजिंक्य ठरत, तस्मात् बूट हेच सर्व दुखण्यांचे मूळ होय, असा तो युक्तिवाद. त्याकडे आपण थोड्या वेळाने वळू. तत्पूर्वी एका पावलात काय घडते ते पाहणे अवश्य आहे.

धावणे म्हणजे केवळ भरभर चालणे नव्हे. चालताना एक ना एक पाय सदैव भूमीवर असतो. धावताना मात्र प्रत्येक पावलागणिक सबंध शरीर क्षणभर अधांतरी असते आणि मग एकाच पायावर उतरते. त्या वेळी जमीन पायाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने उलट रेटते. साठ किलो वजनाचा गृहस्थ असेल तर हा रेटा १२० ते १८० किलोंचा झाला. साधारण वेगाने धावणारा मनुष्य एका किलोमीटरला सुमारे हजार पावले टाकतो. दहा किलोमीटर धावला तर दहा हजार पावले झाली, म्हणजे प्रत्येक पायाच्या वाट्याला पाच हजार.

परंतु सांध्याच्या आत पडणारा दाब या रेट्याहूनही मोठा असतो, आणि नेमकी हीच गोष्ट सर्वसाधारण माणसाच्या ध्यानात येत नाही. आपल्या भगिनींना ती चटकन समजेल. पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेतली तर ती चार गल्ल्या पलीकडे नेता येते; तीच कळशी हात लांब करून धरली तर चार पावलांत खांदा भरून येतो. पाणी तेवढेच, कळशी तीच. मग खांद्याने असे काय अधिक केले? कळशी सांध्यापासून दूर गेली, म्हणून तिला पेलण्यासाठी स्नायूला कितीतरी अधिक जोराने ओढावे लागले. आणि स्नायू ओढू लागला की ज्या सांध्यावरून तो जातो त्या सांध्याची हाडे तो एकमेकांवर दाबतो. सांध्याला सोसावे लागते ते नुसते ओझे नव्हे, तर ओझे पेलणाऱ्या स्नायूची ओढही सोसावी लागते. पायाचेही तसेच आहे. पाऊल कोठे पडले, गुडघा किती वाकला, टाच टेकली की चवडा टेकला, यांवर कोणत्या स्नायूला किती ओढावे लागणार हे ठरते.

गुडघ्याची वाटी ही विहिरीवरच्या रहाटासारखी आहे. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू हा दोर. तो वाटीवरून वळून खाली नडगीच्या हाडाला बांधलेला आहे. दोर जितका जोराने ताणावा आणि रहाटावर तो जितका अधिक वळावा, तितका रहाट आपल्या आसावर दाबला जातो. गुडघा वाकलेल्या स्थितीत शरीराचा भार त्यावर आला की दोर ताणलेलाही असतो आणि वळलेलाही असतो. वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. साध्या धावण्यात हा दाब वजनाच्या चार ते सहा पट होतो. जिना उतरताना, मांडी घालून बसल्यावर उठताना, किंवा धावल्यानंतर गुडघ्याच्या पुढच्या भागात जे दुखते, ते बहुधा येथलेच. हे दुखणे स्त्रियांत अधिक आढळते.

आता लांब ढांगा टाकीत धावणारा मनुष्य डोळ्यांपुढे आणा. आपल्यांतील पुष्कळ जण तसे धावतात, कारण लांब ढांग म्हणजे अधिक वेग अशी आपली शाळेपासूनची समजूत असते. त्याचे पाऊल शरीराच्या बरेच पुढे, टाचेवर पडते. पुढे पडलेले ते पाऊल प्रथम गाडीच्या ब्रेकासारखे काम करते. नंतर शरीर त्यावरून पुढे सरकेपर्यंत गुडघा खोल वाकतो आणि मांडीच्या स्नायूला सर्व भार तोलून धरावा लागतो. ढांग थोडी आखूड केली, पाऊल शरीराच्या जवळ पडू दिले, तर ब्रेकही कमी लागतो आणि गुडघाही कमी वाकतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात २०११ साली ४५ धावकांवर याचा प्रयोग झाला. वेग तोच ठेवून त्यांना मिनिटाला पाच आणि दहा टक्के अधिक पावले टाकावयास लावली, तेव्हा गुडघा आणि खुबा यांना झेलावे लागणारे श्रम कमी झाल्याचे दिसून आले. त्याच विद्यापीठातून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, पावले दहा टक्क्यांनी वाढविली असता वाटीवरचा दाब सुमारे १४ टक्क्यांनी उतरला.

येथे कोणी चाणाक्ष श्रोता विचारील की पावले वाढली म्हणजे दाबांची संख्याही वाढली, मग लाभ तो कोणता? प्रश्न रास्त आहे. हिशेब करून पाहू. शंभर पावलांच्या जागी एकशे दहा पावले पडली आणि प्रत्येक पावलाचा दाब शंभराच्या जागी शहाऐंशी झाला, तर बेरीज दहा हजारांच्या जागी नऊ हजार चारशे साठ होते. हिशेब ढोबळ आहे, बचतही डोळे दिपविणारी नाही. पण ज्याची वाटी दुखते त्याला प्रत्येक पावलाचा कळस खाली येणे हेच महत्त्वाचे असते, आणि तो निश्चित येतो. मात्र वेग तोच राहिला पाहिजे. पावले वाढवा म्हटले की आपली माणसे जोरात धावू लागतात, धाप लागून थांबतात, आणि मग उपदेशकाला दोष देतात.

ढांग आखूड करणे हा सौम्य उपाय झाला. टाच सोडून चवड्यावर धावणे हा त्याहून बराच मोठा बदल आहे. टाच टेकवून धावताना पाऊल पडताक्षणी जो एक कठीण धक्का नडगीतून वर जातो, तो चवड्यावर उतरणाऱ्याला तसा बसत नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लीबरमन व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे दाखवून दिले. जन्मभर अनवाणी धावलेली माणसे बहुधा चवड्यावर किंवा सपाट तळव्यावर उतरतात आणि तो आरंभीचा धक्का टाळतात, असे त्यांना आढळले. तो निबंध वाचून, अथवा तो वाचलेल्या कोणाकडून ऐकून, जगभर हौशी लोकांनी बूट काढून टाकले.

पण धक्का टळला म्हणजे भार टळला असे नव्हे. चवड्यावर उतरलात की टाच अधांतरी राहते, आणि ती खाली आपटू न देण्याचे काम पोटरी करते. पोटरीची ओढ टाचेमागच्या जाड शिरेतून हाडाला पोचते. डॉक्टर तिला ॲकिलीस टेंडन म्हणतात. घोट्यापासून चवडा लांब आणि टाच जवळ, त्यामुळे जमिनीचा रेटा तोलण्यासाठी या शिरेला रेट्याच्या दुप्पट-तिप्पट जोराने ओढावे लागते. लांब केलेल्या हातातील कळशी ती हीच. धावताना या शिरेवर वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. चवड्यावर धावणाऱ्याच्या बाबतीत तो आणखी वाढतो. घोट्याच्या सांध्यातील दाब वाढतो, चवड्यातील लांबट हाडांना अधिक वाकावे लागते. गुडघ्याचे ओझे हलके झाले हे खरे. ते घोट्याने, पोटरीने आणि चवड्याने वाटून घेतले.

खोखो किंवा हुतुतू खेळलेल्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. मैदानात पळताना, हुलकावणी देताना टाच टेकवून भागतच नाही. खेळाडू आपसूक चवड्यावर असतो. पण तो काही क्षणांचा झपाटा असतो, आणि मैदान मातीचे असते. तेच चवडे आठवड्यातून चार दिवस तास-तासभर सिमेंटच्या रस्त्यावर राबविणे ही निराळी मजुरी आहे.

अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २०१३ साली ३६ अनुभवी धावकांवर दहा आठवडे प्रयोग करण्यात आला. १९ जणांना हळूहळू पातळ तळाच्या, जवळजवळ अनवाणी धावल्यासारख्या बुटांची सवय करावयास सांगितले. १७ जण आपल्या नेहमीच्या बुटांत धावत राहिले. अखेरीस पायाची चुंबकीय छायाचित्रे काढली तेव्हा पहिल्या गटातील १० जणांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढलेली आढळली. दुसऱ्या गटात ती केवळ एकाच्या पायात आढळली. ही माणसे नवशिकी नव्हती, आणि बदलही त्यांनी एका दिवसात केला नव्हता.

आता त्या अनवाणी युक्तिवादाकडे वळू. एक तर अनवाणी धावणारा प्रत्येक मनुष्य चवड्यावर धावतो हेच खरे नाही. केनियाच्या उत्तर भागातील दासानाच लोक जन्मापासून अनवाणी वावरतात. २०१३ साली त्यांच्यापैकी ३८ जणांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. आपल्या सोयीच्या संथ गतीने धावताना त्यांची बहुतेक पावले, म्हणजे शेकडा ७२, टाचेवरच पडत. वेग वाढला की ते चवड्याकडे झुकत. दुसरे असे की, १९१९ साली जिमखान्यावर धावलेल्या मुलांचे पाय काही त्या सकाळी अनवाणी झाले नव्हते. वयाच्या पहिल्या वर्षापासून ढेकळांतून, बांधांवरून, मातीच्या वाटांवरून ते पाय घडत आले होते. त्यांची हाडे त्या कष्टाने कणखर झाली होती, पोटऱ्या पिळदार झाल्या होत्या, आणि अंगावर फाजील मांस नव्हते. आषाढीच्या वारीला अनवाणी पंढरपूर गाठणाऱ्या वारकऱ्याचा तळवाही असाच वर्षांच्या सवयीने तयार झालेला असतो. आणि तो तर, रिंगणाचे क्षण सोडले तर, चालत जातो. पंचवीस वर्षे कचेरीच्या खुर्चीत बसलेल्या, घरातही सपाता घालून वावरणाऱ्या आणि पंचाहत्तर किलो भरणाऱ्या माणसाने त्या मुलांची केवळ ढब तेवढी उचलावी, हे कसे व्हावे?

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत, वय सत्तेचाळीस. पाच वर्षे ते टाच टेकवून, आपल्या मगदुराप्रमाणे, विनातक्रार धावत होते. गुडघा त्यांचा एक दिवसही दुखला नव्हता. कोणीतरी त्यांची धाव पाहून "तुमची पद्धत घातक आहे" असे सांगितले, आणि दुसऱ्या दिवसापासून ते चवड्यावर धावू लागले. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या भरून आल्या. त्यांनी तो प्रगतीचा पुरावा मानला. सहाव्या आठवड्यात टाचेमागची शीर बोटाने चाचपता येण्याइतकी जाड झाली, आणि सकाळी अंथरुणातून उठल्यावर भिंत धरल्यावाचून न्हाणीघरापर्यंत जाववेना. बरे व्हावयास वर्ष लागले. याउलट तिशीतील एक भगिनी, वाटीच्या दुखण्याने धावणे सोडण्याच्या बेतात होत्या. त्यांना चवड्याचे नावही न काढता केवळ ढांग आखूड करावयास सांगितले. दोन-अडीच महिन्यांत त्यांची तक्रार पुष्कळ निवळली. औषध दोघांनी एकाच पेढीचे घेतले म्हणा ना. एकीला रोग होता, दुसऱ्याला नव्हता.

या दोन उदाहरणांवरून नियम बांधू नये, म्हणून एक मोठा प्रयोग सांगतो. हाँगकाँग येथे ३२० नवशिक्या धावकांवर तो झाला व २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना दोन आठवड्यांत आठ वेळा, पडद्यावर त्यांच्याच पावलांचा धक्का दाखवीत, हलके उतरावयास शिकविले. उरलेले निम्मे नुसते धावले. पुढील वर्षभरात शिकविलेल्यांपैकी १६ टक्के जायबंदी झाले, न शिकविलेल्यांपैकी ३८ टक्के. हा फरक फार मोठा आहे, आणि ढब बदलण्यात अर्थच नाही असे म्हणणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा. पण त्याच प्रयोगाचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. न शिकविलेल्यांत गुडघ्याची वाटी आणि तळवा यांची दुखणी अधिक होती. शिकविलेल्यांत पोटरी आणि टाचेमागची शीर यांची दुखणी तुलनेने अधिक होती. एकूण दुखणी घटली, आणि उरलेल्यांनी आपले घर बदलले.

वडील मंडळींच्या शंकेला आता उत्तर देणे सोपे आहे. धावण्याने गुडघे झिजतात काय? अनेक अभ्यासांची बेरीज करून २०१७ साली जे आकडे निघाले त्यांत, हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांत गुडघ्याची वा खुब्याची झीज आढळली. न धावणाऱ्या, बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि चढाओढीसाठी धावणाऱ्या कसलेल्या धावकांत १३.३ टक्के. यावरून धावणे हे झिजेवरचे रामबाण औषध आहे असे आम्ही म्हणणार नाही, कारण ज्यांचे गुडघे मुळात दुबळे असतात ते धावण्याच्या वाटेला जातच नाहीत, हाही एक भाग आहे. पण हौशी धावणाऱ्याचे गुडघे हमखास जातात, ही भीती निराधार आहे एवढे निःसंशय म्हणता येते. त्याचे एक कारण २०१४ साली दाखविले गेले. धावताना गुडघ्यावरचा कमाल दाब चालण्याच्या जवळजवळ तिप्पट असला, तरी पावले लांब पडतात व पाऊल जमिनीवर थोडाच वेळ टेकते. त्यामुळे तेच अंतर चालून काटले काय अथवा धावून काटले काय, गुडघ्यावरचा एकूण भार जवळपास सारखाच भरतो. तेव्हा जी सून पहाटे तळजाईपर्यंत चालत गेलेली चालते, ती धावत गेली म्हणून तिच्या गुडघ्यांची चिंता करण्याचे कारण नाही. काळोखाची आणि मोकाट कुत्र्यांची चिंता अवश्य करावी. सोबतीला एखाद्या मुलाने जावे.

ज्यांना काही दुखत नाही त्यांनी आपली ढब बदलू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. मग ते टाचेवर धावोत की चवड्यावर. ज्यांना वाटीचे दुखणे आहे, किंवा जे उघडउघड लांब ढांगा टाकतात, त्यांनी प्रथम आपली पावले मोजावीत. अर्ध्या मिनिटात उजवे पाऊल किती वेळा पडले ते मोजून त्यास चाराने गुणावे. चाळीस वेळा पडले तर मिनिटाला १६० पावले झाली. त्यात पाच टक्के वाढ म्हणजे १६८. याचा अर्थ अर्ध्या मिनिटात उजवे पाऊल फक्त दोन वेळा अधिक पडावयाचे आहे. एवढ्याशा बदलासाठी कोणत्याही शास्त्राची पदवी लागत नाही. लेझीम खेळलेल्या माणसाला तर ताल सांभाळण्याची निराळी शिकवणी नकोच. पहिल्या आठवड्यात दर दहा मिनिटांतून दोन मिनिटे नव्या तालावर धावावे, बाकीची जुन्या. पुढे आठवड्यागणिक वाढवावे. पावलांचा आवाज ऐकत जावा. धप्धप् असा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात असेल, तर तो कमी करण्याचा प्रयत्न केला तरी पुष्कळ काम होते.

ज्यांना टाचेमागच्या शिरेचे वा पोटरीचे जुने दुखणे आहे, त्यांनी चवड्याच्या वाटेस जाऊच नये. आणि ज्यांना काही कारणाने जावयाचेच आहे, त्यांनी आधी दोन-तीन महिने पोटऱ्या तयार कराव्यात. पायरीच्या कडेवर चवडे टेकून, कठडा धरून, टाचा सावकाश वर उचलाव्यात आणि त्याहून सावकाश खाली सोडाव्यात. स्नायू लवकर बळावतो; शीर आणि हाड यांना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. चवड्यावर धावू लागलेल्या उत्साही मनुष्याचा घात येथेच होतो. पोटरीचे दुखणे थांबले की त्याला वाटते आपण तयार झालो. आत शीर आणि हाड अजून मागेच असतात.

बुटांविषयी पुष्कळांनी चिठ्ठ्या पाठविल्या आहेत. टाचेखाली जाड आणि चवड्याखाली पातळ अशा बुटात पोटरीचे काम थोडे हलके होते. टाच-चवडा सारखे असलेल्या सपाट बुटात ते वाढते. म्हणून असा बूट घेणे ही ढब बदलण्याइतकीच मोठी गोष्ट समजावी आणि जुना बूट एकदम टाकून देऊ नये; काही महिने दोन्ही आलटून पालटून वापरावेत. किंमत अधिक म्हणून बूट गुडघ्यास अधिक मानवतो, असा आमचा अनुभव नाही.

पर्वती चढताना नव्हे, उतरताना गुडघे दुखतात, असे महिला शाखेतील तिघींनी कळविले आहे. चढताना धाप लागते, पण उतरताना वाकलेल्या गुडघ्यावर सबंध शरीर अडवून धरावे लागते. रहाटावरचा दोर अशा वेळी सर्वांत अधिक ताणलेला असतो. पर्वतीच्या पायऱ्या एकशे तीन आहेत. त्या धावत उतरू नयेत. कठड्याच्या बाजूने, पाऊल तिरके ठेवून, दुखऱ्या पायाने आधी खाली उतरावे, म्हणजे वाकून भार तोलण्याचे काम चांगल्या पायाकडे राहते. वेताळ टेकडीच्या उतारावर धावणाऱ्यांनी ढांग निम्मी करावी.

मंडळाच्या व्यायामशाखेची मंडळी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सहा वाजता पर्वतीच्या पायथ्याशी जमतात. ज्यांना आपली पावले मोजून घ्यावयाची असतील त्यांनी तेथे यावे. येताना रोजचेच बूट घालावेत, नवे घालून येऊ नयेत.